थेंबाची नक्कल

हिंजवडीकडे नोकरी करणाऱ्या पोराने दिवाळी अंकात लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही काय धरून बसलाय ते मला माहितीये. ट्रॅफिक, अमेरिकेचे कॉल, एसीत गार पडलेली इडली आणि शेवटी गावाकडच्या मातीचा वास. यातलं काही मिळणार नाही. शिवाय असं लिहिणारा माणूस रिटायर झालेला असतो, त्याच्या पाठीशी पस्तीस वर्षं असतात. माझ्या पाठीशी चार आहेत आणि वय सत्तावीस. संपादकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही लिहा हो, तुमचा धंदा कुणाला कळत नाही, त्यामुळे चूक कुणी काढणार नाही." म्हणून लिहितोय.

मी थेंब बघतो. खरे नाही, कॉम्प्युटरमधले. तेलाचा थेंब एखाद्या दाट, तार धरणाऱ्या द्रवात सोडला आणि तो द्रव ढवळला, ओढला, नळीतून ढकलला, तर थेंबाचं काय होईल, हे आम्ही कारखान्यात मशीन बसवायच्या आधी गणिताने सांगतो. द्रवाचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात वेग किती आणि ओढ किती ते कॉम्प्युटरला सोडवायला लावायचं, आणि मग थेंबाचा व्हिडिओ निघतो. याला सिम्युलेशन म्हणतात. आमच्या आईला मी सांगितलंय की मी द्रवाची नक्कल करतो. ती म्हणाली, "म्हंजी शाळंत करत हुतास त्येच."

ते खरंच आहे. पौडच्या शाळेत मी नकलांसाठी ओळखला जायचो. आमचे भूगोलाचे सर वर्गात नसताना एकदा मी त्यांची अख्खी नक्कल केली, खडू फेकण्यासकट, आणि सर दारात उभे. सगळा वर्ग गार. सरांनी मला परत करायला लावली. शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाले, "आवाज बरा आहे. पण चालताना माझा डावा पाय घासतो. तो तू सोडलास. जे सगळ्यांना दिसतं तेवढंच उचललंस." आणि मग दोन दिल्या. त्या दोन मी विसरलो. पायाचं विसरलो नाही, म्हणजे त्या वेळी तरी नाही. पुढे विसरलो, त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं ऑफिस माणमध्ये आहे. घरमालकांचा पूर्वी जिथे गोठा होता तिथे आता तीन मजले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही सात जण. आमच्या प्रमुख वानखडे मॅडम, अमरावतीच्या. शांत असतात तेव्हा पुस्तकासारखं मराठी बोलतात. रागावल्या की वऱ्हाडी सुटते. चहाच्या वेळी त्यांची वऱ्हाडी काढून दाखवणं हे माझं ऑफिसातलं दुसरं काम. पहिल्यापेक्षा ते मला जास्त चांगलं जमतं असं सगळ्यांचं मत होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एक केसांना लावायच्या जेलवाले आले होते. त्यांना बाटलीत बुडबुडे हवे होते. "हलता कामा नयेत," म्हणाले, "पण हलल्यासारखे दिसले पाहिजेत." मी दोन आठवडे त्या बुडबुड्यांच्या मागे होतो. शेवटी त्यांनी बाटलीच निळी केली आणि प्रश्न संपला.

पण सांगायचंय ते बाबर साहेबांचं. त्यांचा पिरंगुटला छोटा कारखाना आहे, जनावरांची औषधं बनवतात. त्यांना मेंढ्यांसाठी जंताचं नवं औषध काढायचं होतं. औषध विरघळतं तेलात, आणि ते तेल थेंबाथेंबाने एका दाट, लाळेसारख्या द्रवात मिसळायचं. दाट अशासाठी की पातळ औषध मेंढी थुंकून टाकते, आणि तार धरणारं असलं की घशातून सरळ खाली उतरतं. अट एकच, थेंब अगदी बारीक पाहिजेत. मोठे राहिले तर हळूहळू वर येतात, आणि बाटलीत वर सगळं औषध आणि खाली नुसतं चिकट पाणी असं होतं. बाबर साहेबांचा विचार होता की सगळं मिश्रण एका अरुंद तोटीतून जोरात ढकलायचं, म्हणजे थेंब ताणून तुटतील. त्या तोटीचं मशीन करायला टाकायच्या आधी त्यांना आमच्याकडून हो किंवा नाही हवं होतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, सोपी आहे. थेंबाला एक प्रकारची कातडी असते, ती त्याला आवळून गोल ठेवते. बाहेरचा द्रव वाहताना त्याला ओढतो. या ओढाओढीत कोण जिंकतं एवढंच बघायचं असतं. बाहेर मध असेल तर हिशोब सरळ आहे, कारण मधाला काही आठवत नाही. ओढला, वाहिला, विसरला. पण लाळेसारख्या द्रवाला आठवण असते. ओढून सोडला की त्याला आपण आधी कुठे होतो ते आठवतं आणि तो मागे सरकतो. ती आठवण किती वेळ टिकते याचा एक आकडा असतो. आम्ही त्याला स्मृतिकाळ म्हणतो. बाबर साहेबांच्या द्रवाचा स्मृतिकाळ प्रयोगशाळेतून मोजून आला होता आणि चांगला लांबलचक होता.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. आठवण लांब असली की गणित फुटतं. तोटीच्या तोंडाशी ओढ इतकी वाढते की कॉम्प्युटरला ती झेपत नाही, आणि आकड्यांच्या जागी स्क्रीनवर 'हा आकडाच नाही' असा शेरा येतो. मी चौकोन बारीक केले, फुटलं. वेळेचं पाऊल लहान केलं, फुटलं. नऊ वेळा फुटलं. मॅडम त्या आठवड्यात वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या होत्या, "मी पाहिल्याशिवाय बाबर साहेबांना काही पाठवायचं नाही."

दहाव्या वेळी मी स्मृतिकाळाच्या आकड्यातलं दशांशाचं टिंब एक घर डावीकडे सरकवलं. द्रवाला विसराळू केलं. फक्त बघायला, अशी मी स्वतःची समजूत घातली. गणित लोण्यासारखं चाललं. आणि व्हिडिओ काय सुंदर निघाला. थेंब तोटीत शिरला, लांबला, धागा झाला, धाग्याला गाठी पडल्या आणि मोत्यांच्या माळेसारखे बारीक थेंब सुटले. मी त्याला निळा आणि केशरी रंग दिला. इतकं देखणं चित्र खोटं असेल असं मला वाटलंच नाही. म्हणजे वाटलं, पण मी ऐकलं नाही.

शुक्रवारी रिपोर्ट पाठवला. टिंबाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

तासाभरात ऑफिसच्या फोनवर बाबर साहेब. "दत्ता, रिपोर्ट मिळाला. मॅडमनी बघितलाय का? त्या हो म्हणत असतील तर सोमवारी सकाळी ऑर्डर देतो. त्या मशीनवाल्याकडे मग दोन महिने जागा नाही."

मी म्हणालो, "एक मिनिट हं, देतो मॅडमना."

हे तोंडातून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. समोर आमची दोन पोरं चहा पीत होती, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मला चेव आला. मी फोन या कानाचा त्या कानाला लावला, घसा साफ केला आणि मॅडमच्या आवाजात बोललो, "हॅलो, हो, बोला बाबर साहेब. पाहिला न मी रिपोर्ट. छान झाला आहे. द्या तुम्ही ऑर्डर बिनधास्त."

"बरं झालं मॅडम, परत आलात ते," ते म्हणाले. "वडील कसे आहेत?"

"उत्तम," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. पण त्यांनी वडिलांचं विचारलं ते मला जरा टोचलं.

रविवारी मी घरी होतो, कासारसाईला. आमच्या वडिलांची, आबांची, चाळीसेक मेंढरं आणि थोडी शेरडं आहेत. जेवण झालं होतं. आबा पडवीत बसून मला म्हणाले, "पाव्हणं इचारत्यात, पोरगा काय करतुया. मी म्हन्तो हापिसात असतुया. म्होरं इचारलं की माजी बोलती बंद. तू नेमकं करतूस तरी काय रं?"

"दाखवतो," मी म्हणालो. आईच्या टोपलीतल्या चार भेंड्या चिरून वाटीभर पाण्यात चुरल्या आणि गाळल्या.

"भाजीची भेंडी हाय ती," आई आतून म्हणाली.

"आई, संशोधन चाललंय."

"संशोधन करून झालं की बाजारातनं पावशेर आन."

त्या चिकट पाण्यात मी हळदीने पिवळा केलेला तेलाचा थेंब सोडला. मग क्रिकेटच्या समालोचकाचा आवाज लावला. "प्रेक्षकहो, आता चमचा वर जाईल, लाळेची तार निघेल, तारेत आपला पिवळा थेंब लांब होईल आणि बघता बघता त्याचे बारीक तुकडे होतील."

चमचा वर घेतला. तार निघाली. थेंब तारेत लांबला, अगदी दोऱ्यासारखा. मग तार सुटली, सरकन वाटीत परत गेली, आणि थेंब पहिल्यासारखा गोल होऊन बसला.

"तुकडं कुटं हायेत?" आबा म्हणाले.

मी परत केलं. परत गोल. जोरात ओढलं, तरी गोल. सहा-सात वेळा झालं. आबांना मजा यायला लागली. "लई चिवट हाय तुजा गडी. हापिसात हुत्यात व्हय तुकडं?"

"हापिसात होतात."

"मग हितलं खोटं का तितलं?"

मी चमचा खाली ठेवला. मला ती माळ डोळ्यापुढे दिसली, निळी आणि केशरी. थेंब धागा होणार हे खरं होतं. पण तोटीतून बाहेर आल्यावर त्या द्रवाला आठवण येणार होती, तो मागे सरकणार होता आणि थेंब परत गोळा होणार होता, होता तेवढाच मोठा. माझ्या गणितात तो तुटला, कारण माझ्या द्रवाला मी काही आठवूच दिलं नव्हतं.

"कशाचं औषिद हाय त्ये?" आबांनी विचारलं.

"मेंढरांच्या जंताचं."

आबांचं हसू गेलं. "बाटलीत वर जहाल आन् खाली पानी असलं, तर पयलं पाजलेलं मेंढरू आडवं हुतंय. मागं आपली एक गाभण मेंढी गेली ती तशीच. न्हाई हलवली बाटली मी. म्हनलं, येवडी दाट हाय, हलवायची काय." मग म्हणाले, "दाट बघून मानूस फसतंय."

आणि उठून मेंढरांच्या वाडग्याकडे गेले.

सोमवारी आठ वाजता मी ऑफिसात. कुणी आलेलं नव्हतं. ऑफिसचा फोन उचलला आणि बाबर साहेबांना लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी घेतला. "बोला मॅडम. निघालोच ऑर्डर द्यायला."

आमचा नंबर त्यांनी मॅडमच्या नावाने ठेवला होता. खरं सांगतो, सगळं एका वाक्यात मिटत होतं. "थांबा बाबर साहेब, एक चूक सापडली आहे," एवढं मॅडमच्या आवाजात म्हटलं की झालं. मशीन वाचलं, मेंढरं वाचली, मी वाचलो. आवाज घशात तयार होता.

मी म्हणालो, "साहेब, मी दत्ता बोलतोय."

"मॅडमना दे."

"मॅडम नाहीत. साहेब, ऑर्डर देऊ नका. रिपोर्ट चुकलाय, मी चुकवलाय."

"हे बघ," ते म्हणाले, "मॅडम स्वतः हो म्हणाल्यात. तुला काय शंका असतील त्या त्यांना विचार. मला मशीनवाल्याने साडेनऊला बोलावलंय." आणि फोन बंद.

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या स्वतःच्या आवाजात काहीतरी महत्त्वाचं बोललो होतो, आणि तोच आवाज चालत नव्हता.

घरून आणलेलं भेंडीचं पाणी बाटलीत होतं, हळदीचं तेल डबीत. गाडी काढली आणि घोटावड्यावरून पिरंगुट गाठलं. बाबर साहेब गेटातच भेटले, गाडीचं दार उघडून उभे. मी आडवाच झालो. "पाच मिनिटं द्या. पाच मिनिटांत नाही पटलं तर जा."

त्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्या हातातली बाटली. "काय आहे ते?"

"भेंडी."

हसावं का रागवावं हे न कळून असेल, ते आत आले. केबिनमध्ये टेबलावरच्या चहाच्या बशीत मी सगळं परत केलं. या वेळी समालोचन नाही. थेंब लांबला, परत आला. लांबला, परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः ओढून बघितलं. चौथ्यांदा पण. मग मी त्यांना टिंबाचं सांगितलं, आठवण सांगितली, सगळं. "तोटीतून गेलं तरी थेंब मोठेच राहतील साहेब. बाटलीत वर चढतील."

ते खुर्चीत बसले. बशी जवळ ओढून घेतली. "म्हणजे आधी पातळ पाण्यातच थेंब फोडून घ्यायचे," ते हळूच म्हणाले, "आणि फुटल्यावर मग दाट करायचं. आठवण नंतर घालायची. त्याला तोटी कशाला लागते? माझं जुनं मशीन बास आहे."

चार वर्षं शिकून, चार वर्षं नोकरी करून मला हे सुचलं नव्हतं. मी तसं म्हणालोही.

"ते राहू दे," ते म्हणाले. "मला एक सांग. मॅडमना एवढं सोपं कसं दिसलं नाही? त्या तर स्वतः म्हणाल्या..."

इथे मी उभा राहिलो. "त्या नव्हत्या साहेब. मी होतो."

"कुठे होतास?"

"फोनवर. त्यांचा आवाज मी काढला."

बाबर साहेबांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता यायचं नाही. एरवी मी चेहरे चांगले लक्षात ठेवतो, पण त्या दिवशी मी जमिनीकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "मी तुला त्यांच्या वडिलांचं विचारलं. तू म्हणालास उत्तम."

"हो."

"तुला माहिती होतं का, कसे आहेत ते?"

"नाही."

"हे वाईट केलंस," ते म्हणाले. बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी मशीनवाल्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि आपला मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "लाव मॅडमना. स्पीकरवर. आणि तुझ्या तोंडाने सांग."

मी सांगितलं. टिंब, फोन, भेंडी, सगळं. पलीकडून मॅडम शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "ठीक आहे. बुधवारी येते. तेव्हा बोलू." वऱ्हाडीचा एक शब्द नाही. एवढं होऊनही त्या रागावत नाहीत, याचीच मला भीती वाटली.

मग मी विचारलं, "मॅडम, तुमचे वडील कसे आहेत?"

"पट्टी निघाली. पेपर वाचत आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते औषध आता विकलं जातं. आधी फोडून, मग दाट करून. आबा तेच आणतात आणि तरीही प्रत्येक मेंढरामागे बाटली हलवतात. बाबर साहेबांनी आमचं काम काढून घेतलं नाही, उलट दोन नवी दिली, मात्र फोनवर अजूनही आधी विचारतात, "कोण बोलतंय, नक्की?" त्या पाच मिनिटांसाठी मी त्यांचा ऋणी आहे. घाईत असलेल्या माणसाने भेंडीच्या बाटलीला पाच मिनिटं देणं ही काही लहान गोष्ट नाही. आबांचे तर काय आभार मानणार, ते म्हणतील, मी काय केलं, मी बसून हुतो. आणि सोमवार ते बुधवार या दोन दिवसांत भूगोलाच्या सरांची मला फार आठवण आली.

त्या बुधवारी मॅडम आल्या. बॅग ठेवली, पाणी प्यायल्या आणि सगळ्यांच्या समोर माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. वऱ्हाडी सुटली आणि मला आधी हायसं वाटलं.

"काहून रे दत्ता, कोनाच्या जिवावर टिंब सरकवलं तू? जनावराले काय वाचता येते तुहा रिपोर्ट? गनित फुटते तं फुटू द्याव न. फुटलं म्हनून लिहाव. फुटलेलं गनित कोनाचा जीव नाही घेत, गोड दिसनारं घेते." सगळं ऑफिस कीबोर्डकडे बघत होतं. "अन् माहा आवाज काढतू? चहाच्या टायमाले काढत होता, मले मालूम नव्हतं काय? भिंत केवढी हाय मधात? आयकत होती मी. हासत बी होती. पन त्या मानसाले तू माह्या आवाजात काय म्हनला? सांग बरं. जसंच्या तसं सांग."

मी खाली मान घालून सांगितलं, "छान झाला आहे, म्हणालो."

"छान झाला आहे," मॅडम म्हणाल्या. "चार वर्सं झाले तुले इथं. कोन्या रिपोर्टले मी छान म्हटलं? एक सांग. तुह्या नाही तं दुसऱ्या कोनाच्या?"

मी चार वर्षांचे रिपोर्ट मनात उलटून बघितले. एकही नाही.

"मंग? आवाज माहा घेतला अन् मलेच सोडून दिलं. हे नक्कल हाय? जाय, बस आता. पुरा स्मृतिकाळ टाक. फुटलं तं मले हाक मार. तुह्याच आवाजात."